बंड गार्डन : आधी बंधारा, मग बाग

काठावरची (धागाकर्ती)

गेल्या रविवारी भाचीला घेऊन पुण्यात बंड गार्डनला गेले होते. ती चौथीत आहे, म्हणजे डोक्यात सध्या स्वराज्य, गड आणि लढाया. फाटकावर 'महात्मा गांधी उद्यान' असं लिहिलेलं तिने मोठ्यांदा वाचलं आणि विचारलं, "मग सगळे बंड गार्डन का म्हणतात? इथे बंड कोणी केलं होतं?"

मी पुण्यात जन्मले, पंचेचाळीस वर्षं हे नाव तोंडात आहे आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. घरी येऊन आठवडाभर जमेल तसं वाचलं. त्यातलं मला जे फार आवडलं ते इथे मांडतेय.

बंड कोणीच केलं नव्हतं. हा बंड म्हणजे आपला बांध, बंधारा. इंग्रजांनी आपल्याकडे येऊन 'बंद' हा शब्द उचलला, त्यांच्या जिभेवर त्याचा 'बंड' झाला, आणि तो तसाच बदललेल्या तोंडवळ्याने आपल्याकडे परत आला. आपण त्याला ओळखलंच नाही! बंधाऱ्याची बाग एवढाच त्या नावाचा अर्थ.

तर बंधारा आधीचा आहे. तो १८५० साली पुरा झाला आणि त्याला पैसे दिले सर जमशेटजी जीजीभाय यांनी. मुंबईतलं जे. जे. हॉस्पिटल आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्ट ज्यांच्या नावाने आहे, तेच हे. जन्म १७८३चा. लहान वयात आईवडील गेले, पुढे चीनच्या व्यापारात अफाट पैसा मिळवला. त्यात कापूस होता तशी अफूही होती, हे लपवण्यात अर्थ नाही. मिळवलेल्यातलं पुष्कळ त्यांनी सार्वजनिक कामांना दिलं. माहीमचा कॉजवे त्यांच्या पत्नी आवाबाईंच्या पैशातून झाला. ब्रिटिश सरकारकडून 'सर' ही पदवी मिळालेले ते पहिले हिंदी गृहस्थ, १८४२ साली.

पण मुंबईच्या शेटजींना पुण्यात बंधारा कशाला बांधायचा होता? पाण्यासाठी. जुन्या पेठांना पेशवाईपासून कात्रजच्या तलावाचं पाणी नळातून हौदांमध्ये येत होतं. पेशवाई गेल्यावर शहराच्या पूर्वेला लष्कर वसलं, वस्ती वाढली आणि पाणी कमी पडायला लागलं. खडकवासल्याचं धरण व्हायला अजून बराच अवकाश होता. मुळा आणि मुठा संगमावर एकत्र होतात आणि पुढे मुळा-मुठा म्हणून वाहतात. त्या एक झालेल्या नदीत हा दगडी बंधारा घातला, की पाणी अडेल, तुंबेल आणि उपसता येईल.

पाणी अडलं आणि उन्हाळ्यातही नदीला संथ, रुंद पात्र मिळालं. मग उजव्या काठावर बाग आली, नावा आल्या, बोट क्लब आला, पूल आला. आपण ज्याला नदीकाठचं उद्यान म्हणतो त्यातलं जवळजवळ सगळं त्या एका दगडी भिंतीमुळे आहे. आणि बागेत जाणाऱ्या दहा जणांना विचारलं तर ती भिंत बघितलेला एखादाच निघेल.

आम्ही ती बघायला गेलो. काठापर्यंत पोचायच्या आधी आवाज आला, एकसारखा, धो-धो. भाची म्हणाली, "धबधबा!" जवळ गेलो तर पाणी दगडावरून खाली पडत होतं आणि पायथ्याशी पांढराशुभ्र फेस साचला होता, कमरेएवढा. वाऱ्याने त्याचे गोळे सुटून उडत होते. तिला तो बर्फ वाटला, ती पुढे धावली, आणि मी तिचा हात धरून मागे ओढला. तो फेस साबणाचा आणि सांडपाण्याचा. तिला ते सांगताना मला फार वाईट वाटलं.

म्हणून धागा. तुमच्या आठवणी, माहिती, जे असेल ते लिहा. मला तिला नीट उत्तर द्यायचंय.

वाटसरू

छान धागा. पुलावरचे सिंह विसरलात!

बागेला लागून जो जुना दगडी पूल आहे तो फिट्झजेराल्ड पूल. सर सेमूर फिट्झजेराल्ड १८६७ ते १८७२ मुंबईचे गव्हर्नर होते, त्यांचं नाव. दोन्ही टोकांना मिळून चार सिंह बसवलेत. इटलीत फ्लॉरेन्सला मेडिची घराण्याचे म्हणून जे सिंह प्रसिद्ध आहेत त्यांच्या धर्तीवरचे. प्रत्येकाचा एक पंजा गोळ्यावर आहे. तो गोळा आमच्या पिढीने हात फिरवून फिरवून गुळगुळीत केलाय. वडील स्कूटर थांबवायचे, मला उचलायचे, मी गोळ्यावर हात ठेवायचो, मग पुढे. हे केल्याशिवाय येरवड्याला आत्याकडे जाणं झालंच नाही कधी.

शेजारी नवे पूल झाल्यावर जुन्यावरची वाहनं बंद झाली. आता त्यावरून निवांत चालता येतं. पुलाच्या मधोमध उभं राहून कमानींचे दगड वाकून बघा, काय घडवलेत!

येरवडेकर

काठावरची ताई, तुम्ही अलीकडचा काठ लिहिलात, मी पलीकडचा लिहितो. आम्ही तीन पिढ्या येरवड्याचे. शहरातली माणसं बाग बघून माघारी फिरतात, पूल ओलांडत नाहीत, याची आम्हाला जुनी खंत आहे.

पूल नव्हता तेव्हा या भागात नदी उतारावरून, म्हणजे पाणी उथळ असेल तिथून, ओलांडायची. नोव्हेंबर १८१७ची येरवड्याची लढाई ती इथलीच. ५ नोव्हेंबरला खडकीला लढाई झाली, त्याच वेळी संगमावरची इंग्रजांची रेसिडेन्सी जळाली. मग जनरल स्मिथची फौज आली, १६ तारखेला येरवड्याच्या बाजूने नदीपार झाली, दुसरे बाजीराव पेशवे रात्रीतून निघून गेले आणि १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर युनियन जॅक लागला. म्हणजे मराठी राज्याची राजधानी गेली ती या नदीच्या उतारावरून. तुमच्या भाचीला लढाया आवडतात ना, तिला हे सांगा. बंड नसेल, पण लढाई नक्की झालीय.

पूल उतरून येरवड्यात आलात की टेकडीवर तारकेश्वराचं देऊळ दिसतं. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला रांग खालपर्यंत येते. पायऱ्या चढून वर गेलं की नदीचं वळण, बंधारा आणि बागेतल्या झाडांचा हिरवा पट्टा एका नजरेत येतो. बंड गार्डन बघायची सगळ्यात चांगली जागा बंड गार्डनच्या बाहेर आहे, असं मी पाहुण्यांना नेहमी सांगतो.

आणि तिथेच जवळ पर्णकुटी. लेडी प्रेमलीला ठाकरसी यांचा बंगला. बागेला गांधीजींचं नाव आहे पण त्यांचा या परिसराशी संबंध किती जवळचा होता हे बागेत गेलेल्याला कळत नाही. सप्टेंबर १९३२चा पुणे करार येरवड्याच्या तुरुंगात झाला. मे १९३३ मध्ये गांधीजींनी २१ दिवसांचं उपोषण सुरू केलं, त्याच दिवशी सरकारने त्यांना सोडलं, आणि ते उपोषण त्यांनी पर्णकुटीत पुरं केलं. पुढच्याच महिन्यात त्यांचे चिरंजीव देवदास आणि राजाजींच्या कन्या लक्ष्मी यांचं लग्न पर्णकुटीतच लागलं. नंतर १९४२ ते १९४४ आगाखान पॅलेसमध्ये नजरकैद. त्यांचे सचिव महादेवभाई देसाई तिथेच गेले, कस्तुरबा तिथेच गेल्या, समाध्या तिथेच आहेत. तुरुंग, पर्णकुटी, पॅलेस, सगळं या एका पुलाच्या पलीकडे आहे. बागेत याचा एक साधा नकाशा जरी लावला तरी माणसं पूल ओलांडतील.

काठावरची

येरवडेकर, तुमचं सगळं भाचीला वाचून दाखवलं. उतारावरून फौज कशी गेली हे तिला कळेना, म्हणून परातीत रेती आणि पाणी घेऊन करून दाखवलं. पर्णकुटीतल्या लग्नाचं मला अजिबात माहीत नव्हतं. तारकेश्वराला नक्की जाणार.

वल्हेकरी

बोटींचा उल्लेख आलाच आहे तर थोडं लिहितो, कारण हा माझा जिव्हाळ्याचा विषय.

बोट क्लब रोडला ज्याच्यामुळे नाव पडलं तो रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८चा. बंधाऱ्यानंतर अठराच वर्षांनी. तुंबलेलं पाणी मिळालं आणि साहेब लोकांनी वल्ही काढली. वर संगमाच्या बाजूला आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब, तो १९२८पासून. दरवर्षी रेगाटा, म्हणजे नावांचा सोहळा, होतो. पंट, कयाक, शेल, नावांचे सगळे प्रकार. संध्याकाळी दोन्ही पुलांवर माणसं उभी असायची.

रेगाट्याच्या तयारीत आम्ही पहाटे साडेपाचला पाण्यात असायचो. थंडीत पाण्यावर वाफ असते, पलीकडचा काठ दिसत नाही, फक्त पुढच्याच्या वल्ह्याचा आवाज ऐकत हात चालवायचे. वळण घेतलं की वल्हं एकदम जड व्हायचं. जलपर्णी. वल्ह्याच्या पात्याला मुळ्या गुंडाळल्या जायच्या, काळ्या, केसांच्या गुंत्यासारख्या. पातं वर घ्यायचं, हाताने गुंता ओढून काढायचा, पुन्हा पाण्यात. हाताचा वास दोनदा साबण लावला तरी दुपारपर्यंत जायचा नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : जलपर्णी इथली नाही, दक्षिण अमेरिकेतली. जांभळी फुलं दिसतात सुंदर. तिला दोन गोष्टी लागतात, संथ पाणी आणि पाण्यात मुबलक नत्र-स्फुरद. संथ पाणी बंधारे देतात, नत्र-स्फुरद आपल्या मोऱ्या देतात. फेब्रुवारी-मार्चपासून पाणी दिसेनासं होतं, लांबून हिरवळ वाटते. त्याखाली प्राणवायू संपतो, मासे मरतात, डास होतात. दर उन्हाळ्यात यंत्रं लावून ती काढतात आणि ती दर उन्हाळ्यात परत येते. मोरीचं पाणी नदीत येतंय तोवर दुसरं काही होणार नाही.

तरी सांगतो, त्या पहाटेसारखी पहाट मला आयुष्यात दुसरीकडे मिळाली नाही.

पेठेतली

माझी आठवण थेट बागेची नाही, पुलाची आहे, आणि ती माझ्या आईची.

आईचं माहेर येरवडा, सासर नारायण पेठ. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा ती नारायण पेठेत होती आणि माझा मोठा भाऊ दहा महिन्यांचा होता. त्याला घेऊन ती वरच्या मजल्यावर, मग शेजारच्यांच्या गच्चीवर गेली. घर राहिलं पण खालचा मजला चिखलाने भरला. आजोबांना येरवड्यात बातमी लागली आणि ते चालत निघाले. बंड गार्डनच्या पुलावर लोक पाणी बघत उभे होते. आजोबा सांगायचे, खालून भांडी, पाट, पाळणे, लाकडाचे वासे, मेलेली जनावरं वाहत होती आणि पुलावर कोणी बोलत नव्हतं. त्यांनी एक पाळणा वाहताना बघितला आणि तिथेच मटकन खाली बसले. नातवाचा पाळणा हिरवा होता, तोही हिरवा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पेठेत पोचले. भाऊ आईच्या मांडीवर होता. पाळणा मात्र खरंच वाहून गेला होता. तो आमचाच होता का, हे कोणाला कधीच कळलं नाही.

आजोबा पुढे वीस वर्षं जगले. पुलावरून जाताना ते कठड्याच्या बाजूने कधी चालले नाहीत.

वाटसरू

पेठेतली, वाचून गप्प झालो. लिहिलंत ते बरं केलंत.

खंड्या

पक्ष्यांबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लॉग इन केलं.

बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला नदी उथळ होते, खडक उघडे पडतात, मधे मधे चिखलाची बेटं होतात. येरवडा-कल्याणीनगरच्या बाजूचा तो काठ म्हणजे डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य. मी तिथे १९९८पासून जातोय. हिवाळ्यात चक्रवाक यायचे, भगव्या रंगाचे, जोडीजोडीने. लडाख-तिबेटकडे विणीला जाणारा पक्षी आणि तो आपल्या बंड गार्डनच्या नदीत बसलेला! पहिल्यांदा दिसला तेव्हा मी दुर्बीण खाली ठेवून नुसत्या डोळ्यांनी बघत बसलो होतो, खरं वाटत नव्हतं.

आता तिथे काय बघाल? शेकाट्या भरपूर, लाल काटकुळे पाय, टाचा उंच करून चालल्यासारखा. हळदी-कुंकू बदकं, चोचीच्या टोकाला हळद आणि मुळाशी कुंकू, नाव ज्याने ठेवलं त्याला नमस्कार. वारकरी, जांभळी पाणकोंबडी, ढोकरी, पाणकावळे. धोबी पक्षी थंडीत दगडादगडावर शेपटी आपटत असतो. आणि घारी, भरपूर घारी.

पण यादी बघून फसू नका. शेकाट्या आणि ढोकरी घाण पाण्यातल्या किड्यांवर निभावून नेतात. खंड्यासारखे वरून सूर मारून मासे धरणारे मात्र पाणी गढूळ झालं की निघून जातात. पंचवीस वर्षांच्या माझ्या वह्यांमध्ये पहिल्या पानांवर खंड्याच्या नोंदी ओळीने आहेत, शेवटच्या वहीत शोधाव्या लागतात. म्हणून तर हे नाव घेतलंय.

बागेत जाणाऱ्यांना एक सुचवतो. वर्षावृक्षाखाली संध्याकाळी बसा. त्याची पानं ऊन उतरलं की मिटतात, दाट सावली हळूहळू विरळ होत जाते आणि वर आभाळ दिसायला लागतं. त्याच वेळी बगळ्यांच्या माळा नदीवरून परत येतात. याला तिकीट नाही, यंत्र नाही, काही नाही.

सावली

सगळं वाचलं. पण नदीकाठ सुधारणेबद्दल बोलल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही. ४४ किलोमीटरचा प्रकल्प, मार्च २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन, आणि सुरुवातच झाली ती संगम पूल ते बंड गार्डन आणि त्याच्या पुढच्या टप्प्यापासून. काठावर वाळुंज होते, उंबर, करंज होते. वाळुंज हे नदीचंच झाड, मुळं पाण्यात ठेवून उभं राहणारं, माती धरून ठेवणारं. ते कापून दगडाचा उतार आणि त्यावर नवी रोपं, हे मला पटत नाही. एप्रिल २०२३ मध्ये संभाजी उद्यानापासून चिपको मोर्चा निघाला त्यात मी होते. माझ्या शेजारी सत्तरीच्या एक बाई होत्या, त्यांनी घरून झाडाला बांधायला राखी आणली होती.

मुठेकाठी

सावली ताई, तुमच्या कळकळीबद्दल आदर आहे, पण माझं मत वेगळं आहे. मी त्याच भागात राहते. आधी तिथे राडारोडा, दारूच्या बाटल्या आणि अंधार होता. संध्याकाळी सातनंतर एकटीने नदीकडे पाऊल टाकायची सोय नव्हती. आता बागेच्या जवळ जो भाग झालाय तिथे दिवे आहेत, चालायला जागा आहे, बायका पोरांना घेऊन बसतात. माझ्या सासूबाई पंधरा वर्षांत पहिल्यांदा नदीजवळ जाऊन बसल्या. माणसं नदीशी आली नाहीत तर नदीची काळजी कोण करणार?

सावली

माणसं आली पाहिजेत हे मान्यच आहे. दिवे आणि पायवाट झाडं ठेवूनही करता येते. आणि पात्र आवळलं तर पुराचं पाणी जाणार कुठे, हे वर पेठेतली यांनी जे लिहिलंय ते वाचून मला पुन्हा पुन्हा वाटतंय.

काठावरची

दोघींचंही म्हणणं मला पोचलं. सासूबाई नदीशी जाऊन बसल्या हे मला लहान वाटत नाही. पण माझा कल सावलीकडे आहे, आणि त्याच्याही आधी पाण्याकडे. आधी मैलापाणी शुद्ध होऊन नदीत यावं, मग काठाचं काय करायचं ते ठरवावं. जमशेटजींनी बंधारा बांधला तेव्हा हे पाणी लोक पिणार होते. १८५०मध्ये जे पाणी पिण्यासाठी अडवलं, त्याच्या फेसाला मी भाचीला हात लावू दिला नाही.

भाचीचं उत्तर देऊन झालं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग भिंत अजून तीच आहे? तेव्हाचीच?" हो म्हटल्यावर तिला ती परत बघायचीय, या वेळी पुलावरून. येत्या रविवारी जातोय. मेट्रोने बंड गार्डन स्टेशनला उतरणार, पण त्याआधी एकदा येरवड्यापर्यंत पुढे जाऊन परत येणार, कारण मधे गाडी नदीवरून जाते आणि तिला ते वरून बघायचंय. साडेसातला पुलावर. कोणी येणार असेल तर सांगा.

खंड्या

येतो. दुर्बिणी दोन आहेत, एक तिच्यासाठी. साडेसात उशीर होईल, सात करा. ऊन वर आलं की पाणी चमकतं आणि पक्षी नुसते काळे दिसतात.

येरवडेकर

मी पलीकडून येतो. तुम्ही पूल ओलांडून या बाजूला यायचंच, नंतर तारकेश्वरावर जाऊ. तिला बूट घालून आणा, पायऱ्या दवाने ओल्या असतात.

वाटसरू

सात वाजता. बागेकडच्या टोकाचा सिंह. तिचा हात गोळ्यापर्यंत पोचला नाही तर मी उचलतो.